राईतली हाक

पालेखोल गावात देवीपेक्षा राईचा दरारा मोठा. देवी सोमजाई शिमग्याला पालखीत बसून घरोघर येते, नारळ घेते, कुणाचं गाऱ्हाणं असेल तर ऐकून घेते आणि परत देवळात जाऊन बसते. तिच्याशी बोलता येतं, वेळ पडली तर रुसताही येतं. देवळामागच्या राईत जो राखणदार आहे त्याच्यापुढे असलं काही चालत नाही. गुहागरच्या डोंगरपट्ट्यात अशा देवराया बऱ्याच आहेत आणि प्रत्येक गावाला आपलीच सगळ्यात कडक वाटते. पालेखोलकरांना जरा जास्तच वाटते, कारण मिरवावं असं गावाकडे दुसरं काही नाही.

राईचे नेम इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. आतलं वाळकं पानसुद्धा बाहेर आणायचं नाही. आत लोखंड न्यायचं नाही, कारण राखणदाराला लोखंड सोसत नाही. कमरेला कोयता असेल तर तो गडग्यावर, म्हणजे राईभोवतीच्या दगडी बांधावर काढून ठेवायचा आणि मगच आत पाय टाकायचा. आणि सगळ्यात मोठा नेम हा की राईतून कुणी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाही. राखणदाराला गावातल्या सगळ्यांची नावं ठाऊक असतात. आपण ओ दिली की आपण त्याचे झालो, मग घरची माणसं शोधत बसतात.

दर्शना या गावात सून म्हणून आली ती वेळणेश्वरहून. समुद्रकाठच्या माणसाला लाटेची भीती असते, झाडांची नसते. सासूने नेम सांगितले तेव्हा ती मनातल्या मनात हसली होती. तिचा नवरा सदू हसणाऱ्यातला नव्हता. गावाने सांगितलं की मान हलवायची, असा त्याचा स्वभाव. देवळाच्या कामाला पहिला हजर तो, आणि पंगतीत शेवटी जेवणाराही तोच. असल्या माणसाला गाव चांगला म्हणतं आणि विसरून जातं.

ओमकार, त्यांचा मुलगा, तेव्हा आठवीत होता. महाशिवरात्रीच्या जत्रेला दर्शना त्याला घेऊन माहेरी गेली आणि सदू गुरांसाठी मागे राहिला. भर दुपारी त्याची गाय गडगा ओलांडून राईत शिरली. तिच्या मागे जाताना सदूने कमरेचा कोयता काढला, गडग्यावर नीट ठेवला आणि मोकळ्या हातांनी आत गेला. आत एक जुनं झाड कुजून आडवं पडलं होतं आणि त्याच्यावर गारंबीच्या वेलांचं जाळं होतं. माणसाच्या मांडीएवढे जाड असतात ते वेल. सदू घसरून त्या झाडाच्या पोटाखाली गेला, लाकूड सरकून पायावर बसलं आणि वेलांनी ते तिथंच आवळून धरलं. गाय संध्याकाळी एकटीच गोठ्यात आली.

त्याला बाहेर काढलं अमरदीपने, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी. अमरदीप बौद्धवाडीतला, तालुक्याच्या शाळेत शिक्षक. त्या वाडीने राखणदाराला हात जोडणं कधीच सोडून दिलेलं. शाळेची गाडी पकडायला तो थांब्यावर उभा होता, तिथं त्याने ऐकलं की सदूला काल राखणदाराने नेला. त्याने लगेच वाडीतल्या दोघांना बोलावलं, गडग्यावरचा कोयता उचलला आणि आत गेला. वेल तोडायला त्यांना फार वेळ लागला नाही.

दर्शना पोचली तेव्हा सदूचं प्रेत ओटीवर ठेवलेलं होतं. अमरदीप अंगणाच्या कडेला उभा होता. त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "काकी, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. मी पोचलो तेव्हा अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं."

"म्हंजे रातभर?"

"हो. आणि माणूस रात्रभर गप्प पडून राहत नाही, काकी."

त्या वाक्याने तिला जन्माचं काम लावून दिलं. बारावं-तेरावं उरकलं आणि ती घरोघर विचारत सुटली. राई देवळाला लागून. त्या दुपारी देवळाच्या पडवीत पाच-सहा पुरुष नमनाचे, म्हणजे शिमग्यातल्या सोंगांच्या खेळाचे, मुखवटे रंगवत बसले होते, ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत. त्यात सदूचा सख्खा धाकटा भाऊ विठू होता, शेजारचा बाबल्या होता, आणि देवीचे मानकरी धाकूबुवा होते. दर्शनाने प्रत्येकाला एकच विचारलं, काय ऐकलंत?

"हाक आली व्हती," सगळे म्हणाले. "पन हाकेत शब्द नव्हते गो. नुसता हेल. राखणदाराची हाक तशीच आसते."

एकानेही वेगळं काही सांगितलं नाही. शाळेत बाईंनी फळ्यावर लिहून द्यावं आणि पोरांनी उतरवून घ्यावं, तसं सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं. विठूने तर तिच्याकडे बघितलंही नाही. "वयनी, शब्द नव्हते," एवढं म्हणाला आणि गोठ्याकडे गेला.

दर्शनाला जे हवं होतं ते फार नव्हतं. मेलेला माणूस परत येत नाही हे तिला कळत होतं, आणि कुणाला पोलिसात द्यायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की त्या पाच-सहांपैकी कुणीतरी एकाने, चारचौघांत, तोंड उघडून म्हणावं की राईतून हाक मारत होता तो माणूस होता. सदू होता. बस्स. तेवढं कुणाच्या तोंडून निघेना.

उलट गावाने सदूला वर्षभरात भूत करून टाकला. आधी म्हणाले राखणदाराने नेला. मग म्हणाले राखणदाराने त्याला चाकरीला ठेवला. पुढच्या शिमग्यापर्यंत सदू गडग्याशी उभा राहून लोकांना नावाने हाका मारायला लागलासुद्धा. जिवंतपणी जो कधी वरच्या आवाजात बोलला नाही, तो मेल्यावर अख्ख्या पंचक्रोशीला हाका मारत होता. बायका पोरांना दटावायच्या, "थय जाव नको, सदू हाक मारील." ओमकार शाळेतून रडत घरी यायचा, कारण पोरं त्याला भुताचा मुलगा म्हणायची.

आणि राखण द्यायचा मान दर्शनाला मिळाला. राखणदाराला वर्षातून एकदा गडग्यावर कोंबडा आणि नारळ देतात, ती राखण. धाकूबुवा स्वतः येऊन सांगून गेले, "दर्शना, आता तुज्या घरचा मानूस राईत हाय. पयला मान तुजा." तिने कपाळावर हात मारून घ्यायचा की त्यांच्या डोक्यात फोडायचा तो नारळ? तिने काहीच केलं नाही. वर्षामागून वर्षं नारळ ठेवून आली. घर गावात होतं, शेत गावात होतं, पोर गावात वाढत होतं. माणसं तशी वाईट नव्हती. तिची भातलावणी करून दिली, ओमकारच्या दहावीला पेढे वाटले, तिच्या आजारपणात भाकरी आणून दिली. तेच तिला जास्त झोंबायचं. भाकरी आणून देणाऱ्याला तू खोटारडा आहेस असं कसं म्हणायचं?

ओमकार मोठा झाला, मुंबईला गेला, एका कुरियरच्या गोदामात काही वर्षं खोके उचलले, आणि लग्न करून परत आला. म्हणाला, आता गावातच काहीतरी करतो. घराला दोन खोल्या वाढवल्या, न्हाणीघरात फरशी बसवली आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. पुण्याचे, ठाण्याचे लोक यायचे, भाकरी खायचे, आंब्याखाली फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावर निघून जायचे. पालेखोलला समुद्र नाही, किल्ला नाही. राहावं कशाला? मग एका पाहुण्याने धाकूबुवांकडून राईची गोष्ट ऐकली, तिचा व्हिडिओ केला आणि तो हजारो लोकांनी बघितला. त्या दिवसापासून ओमकारच्या घराला नाव पडलं, 'हाकेची राई'.

आता दर शनिवारी तिन्हीसांजेला खेळ असतो. देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या ओट्यावर, पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडतात. धाकूबुवा धूतवस्त्र नेसून माईकवर राईची कथा सांगतात. ज्या राईत वाळकं पान हलवायचं नाही तिच्या दाराशी आता पिवळे दिवे आहेत, आणि देवस्थानाच्या पेटीत त्याचं काहीतरी पडतं, म्हणून राखणदाराचीही तक्रार नाही. गडग्यावर खुंटी ठोकून तिच्यावर एक कोयता टांगला आहे. खाली पाटी, 'हाच तो कोयता'.

तो खरोखरच सदूचा कोयता आहे. अमरदीपने तेव्हा परत आणून दिला होता आणि दर्शनाने माळ्यावर ठेवला होता. तो खुंटीवर दिसला त्या दिवशी तिने ओमकारला विचारलं, "बापाचा कोयता टांगायला तुला दुसरी जागा नाय गावली?"

ओमकार खाली मान घालून म्हणाला, "आई, लोक बोलतातच. आपण गप्प बसलो तरी बोलणार. मग निदान आपल्या घराला तरी त्याचं काही मिळू दे."

पोर वाईट नाही. बापावर भुताचं नाव लागलं तेव्हा ते शाळेतून रडत आलं होतं, आणि आता त्याच नावावर बायकोला दवाखाना दाखवत होतं. दर्शना त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. मग बोलायला लागली, कारण घरात माणसं तीनच, आणि त्यातली सून अक्षया बाळंतपणाला माहेरी जायच्या तयारीत. शनिवारी दर्शना सहाणेवर कधी फिरकली नाही. चुलीशी बसायची, भाकऱ्या थापायची, आणि लांबून माईकवरचा धाकूबुवांचा आवाज यायला लागला की भांडी जोरात घासायची.

खेळात हाक येते ती सगळ्यात शेवटी. आधी ती स्पीकरवर वाजायची. कुठून तरी उतरवलेला घोगरा आवाज होता. एका पाहुण्याने तोंडावर सांगितलं की स्पीकर कळतो, मजा जाते. मग ओमकारने काका विठूला गळ घातली, तुम्ही आत बसा आणि हाक मारा. विठूने आधी साफ नाही म्हटलं. पण गुडघे गेल्यापासून त्याला शेतात काम होत नव्हतं, आणि तरुणपणी नमनात त्याने संकासुराचं सोंग घेतलं होतं, आवाज अजून खणखणीत. त्यात आवाज सदूच्याच घराण्याचा. धाकूबुवांनीही भरीस घातलं. शेवटी विठू तयार झाला. पहिले दोन शनिवार त्याने नुसते हेल काढले. पाहुणे हसले. ओमकार त्याला म्हणाला, "काका, असं कोल्हं ओरडल्यासारखं नको. खऱ्यासारखी मारा. जीव ओतून."

अक्षया माहेरी गेली त्या शनिवारी पाहुण्यांना कोकम सरबत द्यायला घरात कुणी उरलं नाही. ओमकार माईकच्या वायरींशी झटापट करत होता. दर्शना मुकाट्याने ट्रे घेऊन सहाणेवर आली. पेले वाटून झाल्यावर ती निघणार तेवढ्यात धाकूबुवांची कथा संपली, दिवे मालवले गेले आणि ओमकार हळू आवाजात म्हणाला, "आता कुणी बोलू नका. आणि नाव ऐकू आलं तरी ओ देऊ नका." पाहुण्यांत खुसखुस झाली. अंधारात पेले सांडतील म्हणून दर्शना तिथंच खांबाला टेकून उभी राहिली.

राईतून हाक आली.

"इठ्या... ए इठ्या..."

पाहुण्यांमधल्या एका पोरीने शेजारच्याचा हात धरला. दर्शनाने चटकन राईकडे वळून बघितलं, कारण भावाचा आवाज भावासारखाच असतो. पण तिने स्वतःला सांगितलं, विठू आहे तो, खुर्चीवर बसलाय.

"इठ्या रे, आयकतंस काय? पाय आडाकलाय माजा. कोयता घेवन ये." मग थोडं थांबून, दमल्यासारखं, "कोयता तितंच हाय. गडग्यावर ठेवलाय बग. तेवडा घेवन ये रे."

सहाणेवर बाबल्या बसला होता. त्याने विडी ओठांपर्यंत नेली होती, ती तिथंच राहिली. धाकूबुवा खुर्चीत पुढे सरकून बसले. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण दर्शना त्या दोघांकडे बघत होती आणि तिला त्यांच्या तोंडावरून सगळं कळलं. ही हाक त्यांना नवी नव्हती.

विठूला कुणी हे शब्द शिकवले नव्हते. ओमकारने सांगितलं होतं, खऱ्यासारखी हाक मारा, आणि विठूला खरी हाक एकच माहीत होती. ती इतकी वर्षं त्याच्या कानात बसली होती, तीच बाहेर आली. आणि शब्द कोणते, तर कोयता घेऊन ये. ज्या राखणदाराला लोखंड सोसत नाही, ज्याच्यासाठी अख्खा गाव कमरेचे कोयते काढून ठेवतो, तो राखणदार कोयता मागेल? इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की नाही मागणार. कोयता मागतो तो माणूसच. पडवीत बसलेल्या पाच-सहांना हे त्या दुपारीच कळलं होतं. कोयता कुठं आहे हेसुद्धा सदूने सांगितलं होतं. उठून उचलायचा होता, एवढंच.

"इठ्या, तुज्या वयनीस सांग," राईतून आवाज आला. "दर्शनाला सांगा."

"ओ," दर्शना म्हणाली.

पालेखोलमध्ये राईतल्या हाकेला ओ देणारं माणूस कुणी पाहिलं नव्हतं. बाबल्या उठून दोन पावलं मागे सरला. ओमकारने दिव्याचं बटण चाचपलं, ते त्याला सापडेना. दर्शनाने ट्रे खाली ठेवला, गडग्यापाशी गेली, खुंटीवरचा कोयता काढला आणि म्हणाली, "आले. कोयता घेवन आले." आणि ती आत गेली.

विठू लांब नव्हता. एका जाड बुंध्याआड प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता आणि रडत होता. तिच्या हातात कोयता बघूनही तो हलला नाही. वहिनीने मारला असता तर त्याने मार घेतला असता.

"आयकलं व्हतंस," ती म्हणाली.

"आयकलं व्हतं."

"किती येळ?"

"दिस बुडंपतुर आमी तितं व्हतो, तवर मारीत व्हता. पयलं माजं नाव, मग बुवांचं, मग सगळ्यांची. तुजं शेवटी." विठूने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "मी उटलो व्हतो वयनी, देवीशपत उटलो व्हतो. बुवा बोल्ले, खाली बस, ओ देशील तर तुजं घर बसंल. मी बोल्लो, बुवा, त्यो कोयता मागतोय, भूत कोयता मागंल काय? बुवा बोल्ले, कोनी आयकला कोयता? बाबल्यास इचारलं. त्यो बोल्ला, मी नाय आयकला. सगळी बोल्ली, आमी नाय आयकला. हाक येतच व्हती आनि सगळी मुकवटं रंगवीत व्हती. मग मला वाटाया लागलं का मीच नाय आयकला."

त्याची दया येईल असं दर्शनाला कधी वाटलं नव्हतं, आणि आली नाहीच. तिला फक्त राग आला, आणि तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा नेमक्या माणसावर आला. "ऊठ," ती म्हणाली. "माज्याकडं नको सांगू. भायर चल आनि तितं सांग."

ती दोघं बाहेर आली तेव्हा दिवे लागले होते. पाहुणे उभे राहून माना उंच करून बघत होते. विठू लंगडत सहाणेवर गेला आणि त्याने ओमकारच्या हातातला माईक घेतला. आवाज स्पष्ट आला.

"मी विठू. सदूचा भाव. त्या दिवशी हाक आली ती राखणदाराची नव्हती. माज्या भावाची व्हती. त्यानं कोयता मागितला आनि मी दिला नाय. तकडं बसलेल्या कोनीच दिला नाय. त्यो मानूस व्हता. आमी त्येला मरू दिला."

 दर्शनाला वाटलं, झालं. जे हवं होतं ते झालं, आता गावाने काय करायचं ते करावं. कोयता मांडीवर घेऊन ती ओट्याच्या पायरीवर बसली.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

आधी एकाने, मग सगळ्यांनी. मागच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ उभं राहून वाजवत होता. त्या टाळ्यांत धाकूबुवांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली. ते खुर्चीतून उठले, विठूच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक अलगद आपल्याकडे घेतला. "मंडळी, आमचा विठू," ते हसत म्हणाले, "पूर्वी नमनात संकासुराचं काम करायचा. पंचक्रोशीत नाव होतं. अजून कला गेलेली नाही, बघा." टाळ्या दुप्पट झाल्या. बाबल्याही वाजवत होता, सगळ्यात जोरात. विठूने दर्शनाकडे बघितलं, मग लोकांकडे बघितलं, आणि नमनात सोंग उतरवताना करायचा तसा त्याने हात जोडून नमस्कार केला. सवयीने झालं असेल. किंवा त्यालाही सुटका हवी असेल.

मघाची ती पोरगी दर्शनाजवळ येऊन बसली. पुण्याची, कॉलेजातली, डोळे पाणावलेले. "काकू, तुम्ही ओ दिलीत ना, अंगावर काटाच आला," ती म्हणाली. "इतकं खरं वाटलं. खरंच आत कुणीतरी माणूस अडकलाय असं वाटलं."

"मानूसच व्हता, बाय," दर्शना म्हणाली. "माजा घोव व्हता त्यो."

"हो ना," पोरगी म्हणाली आणि तिने प्रेमाने दर्शनाचा हात दाबला. "तेच तर. तुम्ही अजूनही त्याच भूमिकेत आहात."

दर्शनाने ओमकारकडे बघितलं. कुणी नाही तरी त्याला कळलं होतं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं आणि तो विठूकडे बघत होता, खुंटीकडे बघत होता, आईच्या मांडीवरच्या कोयत्याकडे बघत होता. राईची गोष्ट सांगून त्याने घर उभं केलं होतं, आणि ती गोष्ट काय आहे हे त्याला आत्ता कळलं होतं. त्याने एक शब्द बोलायचा अवकाश, पाहुणे उठून गेले असते, आणि धाकूबुवांना उद्या गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तो दोन पावलं आईकडे आलाही. धाकूबुवा मागून त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"ऐका ना," पोरीने उठून त्याला विचारलं, "पुढच्या आठवड्यात माझी बहीण आणि तिच्या मैत्रिणी यायच्या म्हणतायत. हे शेवटचं, काकूंचं आणि त्या काकांचं, ते नेहमी असतं की फक्त आजच होतं?"

ओमकार आईसमोर उभा राहिला. त्याचे ओठ हलले, आणि दर्शनाला क्षणभर खरंच वाटलं की तो बोलणार. मग त्याने तिच्यावरची नजर काढून घेतली.

"असतं," तो म्हणाला. "दर शनिवारी असतं."